जुन्या पाइपची नळी

धूम्रपानाच्या जुन्या पाइपमधील तंबाखूची वाटी बहुधा लाकडाची असते, तर ओठांत धरावयाची नळी पुष्कळदा एबोनाइटची. रबरात वजनाच्या सुमारे ३० ते ४० टक्के गंधक मिसळून ते दीर्घकाळ तापविले, की हा काळा, कठीण पदार्थ तयार होतो. अमेरिकेत नेल्सन गुडइयर यांनी १८५१ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे फाउंटन पेन आणि क्लॅरिनेट यांसाठीही तो वापरला गेला.

नवेपणी काळीभोर असलेली ही नळी कालांतराने हिरवट-तपकिरी होते. पाहणाऱ्यास तो मळ वाटतो. परंतु तो मळ नव्हे. प्रकाशामुळे पृष्ठभागातील गंधकाचे बंध तुटतात आणि सुटलेल्या गंधकाचा हवेतील ऑक्सिजन व ओलावा यांच्याशी संयोग होऊन आम्ल बनते. गाझियाबादसारख्या शहरात उन्हाळ्यातील प्रखर ऊन आणि त्यामागोमाग येणारा पावसाळी दमटपणा ही दोन्ही कारणे उपस्थित असतात. खिडकीत मांडलेला पाइप तेथे लवकर विटणारच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सफाई म्हणजे नळीचाच बिघडलेला थर काढून टाकणे होय. प्रत्येक सफाईत ती थोडी झिजते. म्हणून हात राखून काम करावे. आतील काजळी मद्यार्कात भिजविलेल्या तारेच्या काकड्याने काढावी. बाहेरून पाणी लावून प्रथम मध्यम, मग अधिकाधिक बारीक पॉलिश पेपर फिरवावा. त्या वेळी नळी वाटीला जोडलेलीच ठेवावी, म्हणजे सांध्याच्या कडा गोल होत नाहीत. वाटीत शिरणारे टोक मुळीच घासू नये. ते सैल होते. निर्मात्याची ठशाची खूणही वगळावी. उकळते पाणी वापरू नये, कारण उष्णतेने एबोनाइट मऊ पडून वाकते.

बेताच्या उष्णतेने मात्र दातांचे खळगे पुष्कळसे भरून येतात. तरीही तसे करण्यापूर्वी थोडे थांबावे. असा पाइप आज घरोघरी बहुधा ओढण्यासाठी नव्हे, तर एखाद्या वडीलधाऱ्याची आठवण म्हणून जपला जातो. आणि ते खळगे त्याच्याच दातांचे असतात. चकाकी पुन्हा आणता येते, पुसलेली खूण आणता येत नाही.

सफाईनंतर तेलाचा पातळ हात देऊन पाइप अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावा. चांदीच्या वस्तूंपासून तो दूर असावा. त्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते.