अंगावर काढू नका!

बायकांच्या काही दुखण्यांना घरात नावच नसते. 'तिकडचा त्रास' म्हटले की बोलणे संपते. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून असाच एक त्रास मी नेहमी पाहते. योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होतो. असह्य खाज सुटते, जळजळ होते, फुटलेल्या दह्यासारखे पांढरे जाते.

कॅन्डिडा नावाची ही बुरशी अनेक निरोगी स्त्रियांच्या अंगात निमूटपणे राहत असते. प्रतिजैविके घेतली, मधुमेह बळावला किंवा गरोदरपण आले की तिचे फावते. चारांतल्या तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजे हा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, की कुणाच्या चारित्र्याचा! तरीही यावरून नवरा-बायकोत संशय शिरलेला मी पाहिला आहे.

साध्या संसर्गाला फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी सहसा पुरते. घोळ होतो तो पुढे. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा त्रास उलटला, तर एकेक गोळी घेऊन भागत नाही. एक शिक्षिका जुनीच चिठ्ठी दाखवून दुकानातून दोन वर्षे गोळ्या आणत होत्या. तपासले तेव्हा रक्तातली साखर वाढलेली निघाली!

म्हणून आधी तपासणी हवी. पांढरे जाण्याची कारणे अनेक असतात. शिवाय कॅन्डिडाच्या काही जाती या गोळीला दाद देत नाहीत. स्राव तपासला की ते कळते. निदान पक्के झाले की पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी एकेक गोळी, मग सहा महिने दर आठवड्याला एक. खाज थांबली म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत.

अमेरिकेत ३८७ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांअखेर साप्ताहिक गोळी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ९१ जणी त्रासमुक्त होत्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ३६. मात्र उपचार थांबवून सहा महिने लोटल्यावर त्या ९१ च्या ४३ उरल्या. तेव्हा हा त्रास आटोक्यात ठेवता येतो, पण कायमचा जाईलच अशी हमी कोणी देऊ नये. तो परतला तर पुन्हा उपचार करता येतात.

गरोदरपणी ही गोळी टाळावी. यकृताचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल, रक्त पातळ करणाऱ्या वा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. आतून धुणे आणि सुगंधी साबण नकोत. सुती कपडे वापरावेत, ओले कपडे लगेच बदलावेत, साखर ताब्यात ठेवावी. दुकानदाराने सुचवलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे आणि मनाने घेतलेली प्रतिजैविके तर मुळीच नकोत.

आपल्याकडे दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईला सोशिक म्हणतात. या कौतुकापायी तिची झोप जाते, संसारात अबोला येतो आणि कधी मधुमेहही लपून राहतो. घरातल्या पुरुषांनीही हे वाचावे, आणि तिला दवाखान्यात जायचे असेल तेव्हा सोबत जावे.