दहावा माणूस

मशीद बंदर स्टेशनातून बाहेर पडून मांडवीत शिरलं की हातगाड्या, पोती, हमालांच्या आरोळ्या आणि मिरची-मसाल्याचा ठसका यांतून वाट काढावी लागते. घाऊक बाजाराच्या या गजबजाटात, सॅम्युएल स्ट्रीटवर, मुंबईतलं सर्वात जुनं सिनेगॉग उभं आहे. नाव ‘शार हाराहमीम’, म्हणजे दयेचं दार. बेने इस्रायल मंडळींच्या बोलण्यात मात्र ती ‘जुनी मशीद’. कोकणातून आलेल्या या मराठी ज्यूंनी आपल्या प्रार्थनास्थळाला पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हटलं, आणि स्टेशनाचं नावही आपल्याच मशिदीवरून पडलं असं ते अभिमानाने सांगतात.

सिनेगॉग बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी, १७९६ साली. सामाजी म्हणजे सॅम्युएल इझिकेल. रस्त्याला नाव आहे ते त्यांचंच. कंपनी सरकारच्या फौजेत ते नेटिव्ह कमांडंट होते आणि दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडले. पुढची कथा समाजात आजही रंगवून सांगितली जाते. कैद्यांना मारायचं ठरलं तेव्हा सामाजींना जात विचारली गेली. ‘बनी इस्रायल’ हे उत्तर ऐकून टिपूच्या आईने मध्यस्थी केली. कुराणात ज्या लोकांचा उल्लेख आहे ते प्रत्यक्षात कधी पाहिले नव्हते, यांना जीवदान द्यावं, असं तिचं म्हणणं पडलं. सामाजी सुटले, मुंबईला परतले आणि नवस फेडावा तसं त्यांनी हे देऊळ उभं केलं. सिनेगॉगसाठी तोराच्या, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि दुसऱ्याच वर्षी तिथेच वारले, असं परंपरा सांगते. सध्याच्या जागी सिनेगॉग आलं ते १८६० मध्ये.

कथेतला दंतकथेचा भाग किती हे इतिहासकारांनी ठरवावं. पण एका समाजाने आपल्या पहिल्या मुंबईकर देवळाची जन्मकथा सांगताना एका मुसलमान आईला मध्यभागी ठेवलं आणि सव्वादोनशे वर्षं तिथून हलू दिलं नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

सिनेगॉग इमारतीवर चालत नाही, माणसांवर चालतं. आणि माणसं मोजून लागतात. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष हवेत. या गणसंख्येला ‘मिनयान’ म्हणतात. नऊ विद्वान जमले तरी काही प्रार्थना म्हणता येत नाहीत. दहावा कुणी साधा कारकून आला की येतात. मृतासाठी म्हणायची ‘कद्दिश’ प्रार्थनाही या दहांतच म्हणायची. म्हणजे ज्याचा बाप नुकताच गेला आहे, त्याला दुःख करायलासुद्धा नऊ जण सोबत लागतात. पंढरपूरची वारी एकट्याने करता येते; ज्यूंची ही प्रार्थना नाही करता येत.

या मोजणीभोवती पूर्वी गावोगावची जमात बांधलेली असे. तिचे कारभारी होते मुकादम आणि चौगुला, हिशेबाला गब्बाई, प्रार्थना चालवायला हझान आणि दिवाबत्तीपासून निरोप पोचवण्यापर्यंत सगळं करणारा शमाश. काही पदं थेट मराठी गावगाड्यातून उचललेली, काही हिब्रू. तंटे जमातीपुढे येत, दंड ठरत, लग्नं तिच्या साक्षीने लागत. सिनेगॉगात आत गेलं की मधोमध कठडा घातलेला चौथरा, तो ‘तेबा’. भिंतीतलं कपाट म्हणजे ‘हेखाल’. तोराच्या गुंडाळ्या त्यात. एक खुर्ची कायम रिकामी असते. ती एलियाहू संदेष्ट्याची, मुलाच्या सुंतेच्या वेळी मान तिचा. प्रार्थना संपली की ‘हातबोशी’ होते. वडीलधाऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हाताला हात लावतो आणि आपली बोटं ओठांना टेकवतो. मोठे-लहान, ओळखीचे-अनोळखी, सगळ्यांशी. मिनिटाभरात देवळातला एकही माणूस स्पर्शावाचून उरत नाही.

हे लोक आले कुठून? त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. उरला शनिवारच्या विश्रांतीचा शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ प्रार्थना. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांची परीक्षा पाहिली म्हणतात. टोपलीभर मासळी समोर ठेवली, तेव्हा बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढी वेगळी काढली. कोकणात ओळखपत्र म्हणून मासळीच दाखवावी लागावी, यात नवल ते काय!

सणांची नावं तर ऐकत राहावीत अशी. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, अनाशी डाकाचा सण, बिरड्याचा रोजा. एलियाहू हानाबीचा उरूससुद्धा. हिंदू शेजारी, मुसलमान शेजारी आणि मोशेचा कायदा एकाच पंचांगात नांदत होते. मटणाच्या रश्शात दूध-दही चालत नाही, म्हणून नारळाचं दूध. द्राक्षाची शास्त्रोक्त दारू मिळत नाही, म्हणून शुक्रवारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत. त्याच्यावर ‘किद्दुश’ ही शब्बाथची प्रार्थना म्हणायची. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात ‘मलिदा’: पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या मराठी-हिब्रू हगादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीत, बेखमीर भाकर करणाऱ्या बायका चित्रात दाखवल्या आहेत, त्या साड्या नेसलेल्या आहेत. कीर्तनाचा फड पाहून इथल्या ज्यूंनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली.

‘भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही’ हे वाक्य प्रत्येक समारंभात ऐकू येतं. इथल्या समाजापुरतं ते खरं आहे. पण ते इतकं घोटून गुळगुळीत झालंय की, या समाजाला कुणाशी झगडावंच लागलं नाही, असा समज होतो. झगडावं लागलं, आणि गंमत म्हणजे आपल्याच धर्मबांधवांशी.

एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू मुंबईत स्थिरावले. त्यांनी शहराला भरभरून दिलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, फोर्टातलं १८८४ चं निळं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं ‘लाल देऊळ’ ओहेल डेव्हिड, ही सगळी ससून घराण्याची कृपा. पण बेने इस्रायल अस्सल ज्यू आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यांच्यातल्या अनेकांनी उकरून काढला. १८३६ मध्येच सामायिक दफनभूमीत मधे भिंत घालून मिळावी, असा अर्ज काही पुढाऱ्यांनी केला होता. काही ठिकाणी बेने इस्रायल माणसाला मिनयानमध्ये धरतच नसत. समोर उभा असलेला, तीच प्रार्थना म्हणणारा माणूस दहांत मोजायचा नाही! ज्या समाजाची सगळी धर्मव्यवस्था डोकी मोजण्यावर उभी आहे, तिथे याहून मोठा अपमान नाही. रंगूनच्या सिनेगॉगमधला मतदानाचा वाद तर १९३० च्या दशकात हायकोर्टात गेला, आणि तिथे बेने इस्रायल जिंकले.

मोठा धक्का पुढेच होता. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं: बेने इस्रायल व्यक्तीला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. शतकानुशतकं घाणे शनिवारी बंद ठेवणाऱ्यांकडे आता कागद मागत होते. तेव्हा कामाला आली ती जुनी जमात. बीरशेबा, लोद, दिमोनासारख्या वसाहतींत विखुरलेले लोक एकत्र आले, जेरुसलेममध्ये ज्यूइश एजन्सीसमोर ठाण मांडून बसले, उपोषणं केली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला, क्नेसेटला, ठराव करावा लागला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. फर्मानातून त्यांचं नाव निघालं. सत्याग्रहाचं हे तंत्र त्यांनी कुठून नेलं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

स्वतः न मोजले गेलेले लोक दुसऱ्यांना कसं मोजतात? जर्मनीत हिटलर आल्यावर मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. पळून आलेल्या निर्वासितांसाठी हमी, नोकऱ्या, राहण्याची सोय असं काम तिने केलं. गांधीजींचे डॉक्टर म्हणून ओळखले जाणारे डॉ. अब्राहम एरुळकर हे बेने इस्रायल. युरोपातून आलेल्या ज्यू डॉक्टरांना इथे व्यवसाय करता यावा म्हणून ते झटले. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, मुंबईचे महापौर होते डॉ. ई. मोझेस, म्हणजे राजपूरकर. बर्लिनमध्ये ज्यू डॉक्टरांच्या पाट्या उतरवल्या जात होत्या त्या वर्षांत मुंबई ज्यू डॉक्टरला महापौर करत होती. वरळीला जाताना डॉ. ई. मोझेस रोडवरच्या सिग्नलला थांबणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना हे ठाऊक असेल.

द्वेष प्रत्यक्ष दारात आला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, प्रवासी ज्यूंसाठी चालवल्या जाणाऱ्या खबाद केंद्रात, अतिरेकी घुसले. रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार ज्यू मारले गेले. कमांडो गजेंद्र सिंह बिश्त तिथेच धारातीर्थी पडले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, उचलून बाहेर धावल्या त्या त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल. सोबत होता त्याच घरात काम करणारा झाकीर हुसेन. ख्रिस्ती आया, मुसलमान कामगार आणि ज्यू मूल, असं हे त्रिकूट कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

त्यानंतर जे घडलं त्याची चर्चा तुलनेने कमी झाली. त्या हल्ल्यात शहरभर मिळून मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. निरपराधांना मारणारे मुसलमान असूच शकत नाहीत, ही त्यांची भूमिका. मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. शेवटी सरकारने ते गुपचूप पुरले. शोकसभा, मेणबत्त्या, निषेधाचे ठराव हे सगळं त्या आठवड्यांत झालंच. पण दफनाला नकार देणं ही मुसलमान ट्रस्टसाठी साधी गोष्ट नव्हती. मेलेल्याला माती देणं हे धर्मकर्तव्य. ते ट्रस्टने या नऊ जणांच्या बाबतीत नाकारलं.

ही जवळीक एका रात्रीत उगवत नाही. मागेन डेव्हिडच्या आवारातल्या ससून शाळांचे वर्ग भायखळा-नागपाड्याच्या मुसलमान मुलांनी भरलेले आहेत. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये बेने इस्रायल समाजाच्या मुलांसाठी काढलेली शाळा आज माझगावला सर एली कदूरी शाळा म्हणून उभी आहे. तिथेही ज्यू मुलं जवळपास उरलेली नाहीत. शाळा बंद करून जमीन विकणं सोपं होतं. विश्वस्तांनी ती चालू ठेवली आणि शेजाऱ्यांनी मुलं पाठवली. गाझापासून जेरुसलेमपर्यंतच्या बातम्या दोन्ही घरांत पोचतात आणि त्या दोन्हीकडे सारख्याच वाचल्या जातात असंही नाही. तरी सकाळी घंटा होते, मुलं सिनेगॉगच्या भिंतीला लागून वर्गात जातात. सिनेगॉगांच्या दारांवर मात्र २६/११ नंतर पोलीस आले ते आलेच.

स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्रायल आता भारतात चार-पाच हजार उरले आहेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर सरकारी अर्जांत अनेकदा त्यांना ‘इतर’ या रकान्यात बसावं लागे. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

मांडवीची अडचण वेगळीच आहे. उमरखाडी-डोंगरीतली ज्यू बिऱ्हाडं केव्हाच ठाण्याकडे सरकली. तिथे १८७९ चं शार हाशामाइम सणाला गच्च भरतं. शास्त्राप्रमाणे शब्बाथला वाहनात बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. ठाण्याहून मांडवी चालत गाठणं कुणाला जमणार? मग नियम पाळून घरी बसायचं, की लोकल पकडून जुन्या मशिदीत दहा डोकी भरायची? बेने इस्रायलांनी बहुतेक वेळा लोकलच्या बाजूने कौल दिला आहे. परदेशातून आलेले काटेकोर पाहुणे भुवया उंचावतात. पण ते आलेच असतील तर त्यांनाही मिनयानमध्ये मोजून घेतात.