जुन्नरची पोढी आणि परदेशी पाहुणे

परदेशी पर्यटकांच्या स्वागताचा इतिहास शिकवताना मी आरंभ आपल्याच पुणे जिल्ह्यापासून करतो. सातवाहन काळात सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. त्या काळच्या यवनांची, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडून आलेल्या परकीयांची, नावे जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत आजही वाचता येतात. इरिल नावाच्या यवनाने तेथे दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्खूसंघाला भोजनमंडप दिला. पाहुण्यानेच यजमानाच्या अन्नपाण्याची सोय करावी, हा प्रकार आजच्या पर्यटन विभागाला नवलाचा वाटेल!

आधुनिक प्रयत्न अर्थातच मोठे आहेत. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ जागतिक वारसा यादीत आले. पुढे जपानच्या कर्जसाहाय्याने या लेण्यांसाठी मोठा प्रकल्प दोन टप्प्यांत राबवला गेला. त्यात लेण्यांचे जतन, रस्ते, विमानतळ, पाणीपुरवठा व वनीकरण ही कामे होती. धुरामुळे चित्रांची हानी होऊ नये म्हणून खासगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबवण्यात आली. तेथे अजिंठ्याच्या निवडक लेण्यांच्या प्रतिकृती असलेले भव्य पर्यटक केंद्रही उभारले. मात्र पाणी व विजेची देयके थकल्याने ते बंद पडले. इरिलाच्या पोढ्या आठवतात त्या येथे. २०१४ पासून ऑनलाइन व्हिसाची सोय झाल्याने परदेशी प्रवाशाचे येणे सुलभ झाले, हेही नोंदवले पाहिजे.

पण आलेल्या पाहुण्याला सांगणार कोण आणि काय? लेण्याद्रीला बहुतेक लोक गणपतीच्या दर्शनाला येतात. ते मंदिर ज्या प्रशस्त विहारात आहे, तो विहार आणि शेजारचे चैत्यगृह भिक्खूसंघासाठी कोरलेले आहे, हे अनेकांना परतेपर्यंत कळत नाही. जपान, थायलंड, श्रीलंका येथील उपासकांना तर हेच जाणून घ्यायचे असते. शिलालेख वाचणारा, चार वाक्ये इंग्रजीत नीट सांगणारा स्थानिक तरुण तेथे हवा. प्रशिक्षित मार्गदर्शकाला शासनाचे ओळखपत्र मिळते. हा व्यवसाय आपल्या मुलामुलींच्या आवाक्यातला आहे. ब्राह्मीची मुळाक्षरे शिकायला एक पावसाळा पुरतो. मागे सहलीत आठवीच्या मुलांनी अक्षर अक्षर जुळवत ‘यवनस’ हा शब्द लावला, तेव्हा शेजारी उभे असलेले दोन प्रवासी त्यांनाच पुढचा अर्थ विचारू लागले होते.