आधी खोली, मग नोकरी

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट गावात मोटारी जात नाहीत. खालच्या टेश गावात गाडी उभी करायची आणि बारा मिनिटांच्या आगगाडीने वर यायचं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवरचं हे गाव, आणि डोक्यावर ४,४७८ मीटर उंचीचा मॅटरहॉर्न. सकाळी उशिराच्या गाड्या पर्यटकांनी भरलेल्या असतात. पहाटेच्या गाड्यांमधून मात्र न्याहारी मांडणारे, खोल्या आवरणारे, भांडी धुणारे लोक येतात. ज्या गावात ते राबतात, त्या गावात भाड्याने राहणं त्यांतल्या बऱ्याच जणांना परवडत नाही.

अशा महागड्या ठिकाणी हंगामी काम शोधणारा माणूस सगळ्यात आधी पगाराचा आकडा बघतो. तो आकडा खरा असतो आणि डोळे दिपवणाराही असतो. पण हंगाम संपल्यावर हातात किती उरणार, हे त्या आकड्यापेक्षा राहायची सोय कुठे आणि कितीत होते, यावरच जास्त ठरतं.

झेरमॅटचे हंगाम दोन. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फाचा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत गिर्यारोहणाचा. मधल्या काळात, विशेषतः मे आणि नोव्हेंबरमध्ये, अनेक हॉटेलं चक्क बंद असतात. कायमची वस्ती सहा हजारांच्या आतबाहेर. हंगामात पाहुण्यांमुळे तीच कितीतरी पटींनी वाढते. एवढ्या पाहुण्यांना वाढायला गावातली माणसं पुरणं शक्यच नाही. त्यामुळे कामगार बाहेरून येतात. गेली काही दशकं त्यांत पोर्तुगीजांचा भरणा इतका आहे, की गावातला सर्वांत मोठा परदेशी समाज त्यांचाच आहे.

हंगामामागे फिरत काम करणं या डोंगराळ मुलखाला नवीन नाही. झेरमॅट ज्या वॅले प्रांतात आहे, त्याच प्रांतातल्या निडरवाल्ड या खेड्यात १८५० साली एका शेतकऱ्याच्या घरी तेरावं मूल जन्मलं. हा मुलगा ब्रिग गावातल्या हॉटेलात उमेदवारी करायला गेला आणि तिथून त्याला काढून टाकण्यात आलं. पुढे पॅरिसमध्ये त्याने वाढप्याचं काम केलं. मग उन्हाळ्यात आल्प्समधल्या रिगी पर्वतावर नाही तर लुझर्नला आणि हिवाळ्यात नीस किंवा माँटे कार्लोच्या किनाऱ्यावर, अशी हंगामानुसार हॉटेलं बदलत तो धंदा शिकला. १८९८ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःच्या नावाचं हॉटेल उघडलं. त्याचं नाव सेझार रिट्झ.

रिट्झ नशीब काढणाऱ्यांपैकी होता. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडने हंगामी कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात माणसाला फारशी जागाच नव्हती. १९३४ पासून लागू झालेल्या त्या व्यवस्थेत परदेशी कामगाराला वर्षात जास्तीत जास्त नऊ महिने राहता येई. नंतर देश सोडायचा आणि पुढच्या हंगामाला परत यायचं. सरहद्दीवर वैद्यकीय तपासणी होई. बायकोमुलांना बरोबर आणायला बंदी. तरीही काही आईबापांनी मुलांना आणलं आणि खोलीत लपवून ठेवलं. दिवसभर आवाज करायचा नाही, खिडकीशी जायचं नाही, अशा धाकात वाढलेली ती मुलं पुढे मोठेपणी जाहीरपणे बोलू लागली, तेव्हा सुखवस्तू देशाला आपलाच भूतकाळ नव्याने दिसला. परदेशी कामगारांच्या जिवालाही धोका होताच. झेरमॅटच्या शेजारच्या सास खोऱ्यात ३० ऑगस्ट १९६५ रोजी हिमनदीचा प्रचंड तुकडा माटमार्क धरणाच्या कामगारवस्तीवर कोसळला आणि ८८ जण गेले. त्यांतले ५६ इटालियन होते. कामगारांच्या बराकी हिमनदीच्या थेट खाली बांधलेल्या होत्या.

युरोपीय संघाशी झालेला मुक्त संचाराचा करार १ जून २००२ रोजी अमलात आला आणि हंगामी कामगाराचा तो जुना दर्जा इतिहासजमा झाला. आता युरोपीय संघातला नागरिक तीन महिन्यांपर्यंत स्वित्झर्लंडमध्ये येऊन काम शोधू शकतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आतली नोकरी मिळाली, तर त्याला ‘एल’ परवाना मिळतो. काम सुरू करण्याआधी स्थानिक पालिकेत नोंद करावी लागते.

कामगाराचा खरा आधार म्हणजे तिथल्या हॉटेल-रेस्टॉरंट धंद्याचा देशव्यापी सामूहिक करार. मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी मिळून केलेला हा करार सरकारने सगळ्या धंद्याला बंधनकारक केला आहे. आठवड्याला ४२ तास काम. हंगामी आस्थापनांत साडेत्रेचाळीस. आठवड्याला दोन दिवस सुट्टी. वर्षाला पाच आठवड्यांची भरपगारी रजा आणि तेरावा पगार, दोन्ही केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. म्हणजे चार महिन्यांच्या हंगामालाही सुमारे अकरा-बारा दिवसांची रजा आणि तेराव्या पगाराचा एक तृतीयांश हिस्सा मिळायलाच हवा. टिपेवर कामगाराने जगावं, ही पद्धतही तिथे १९७४ सालीच मोडीत निघाली. सेवेचा मोबदला पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो.

आता पगारपत्रक बघू. २०२५ साली या करारानुसार कोणतंही प्रशिक्षण नसलेल्या कामगाराचा किमान मासिक पगार ३,७०६ फ्रँक होता, म्हणजे चार लाख रुपयांच्या आसपास. यातून निवृत्तिवेतन, अपंगत्व आणि बेकारी विम्याचे मिळून ६.४ टक्के कापले जातात, ते सुमारे २३७ फ्रँक. मालकाने राहण्याजेवणाची सोय केली असेल, तर तिचे सरकारी हिशेबी दर ठरलेले आहेत: खोलीचे महिन्याला ३४५, न्याहारीचे १०५, दुपारच्या जेवणाचे ३०० आणि रात्रीच्या जेवणाचे २४०. बेरीज ९९०. इथेच आकडा अडीच हजारांच्या खाली येतो. मग अपघात विमा आहे आणि परदेशी कामगाराच्या पगारातून परस्पर कापला जाणारा आयकर आहे. आरोग्य विमा सक्तीचा आहे. तो आल्यापासून तीन महिन्यांत काढावा लागतो आणि त्याचा हप्ता पहिल्या दिवसापासून मोजला जातो. स्वतःसाठी साबण, फोन, बूट आणि घरी पाठवायचे पैसे उरलेल्यातून.

तरीही मालकाची खोली मिळणारा भाग्यवान. अशा गावांत पर्यटकाला आठवड्यासाठी खोली दिली, तर कामगाराच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे मिळतात. मग घरमालक कामगाराला खोली कशाला देईल? श्रीमंतांच्या दुसऱ्या घरांनीही डोंगरातली गावं भरली. स्विस मतदारांनी ११ मार्च २०१२ रोजी कौल देऊन, ज्या गावात अशी घरं २० टक्क्यांहून जास्त आहेत तिथे नवी बांधायला मनाई केली. पण आधीची तशीच राहिली. त्यामुळे हॉटेलं कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या इमारती बांधतात किंवा भाड्याने घेतात. ज्यांची तिथे सोय होत नाही, ते टेश, रांडा, सांक्ट निक्लाउस अशा खालच्या गावांत राहून रोज आगगाडीने वर येतात. जेवण वाढून, टेबलं पुसून, गल्ला मिळवून झाल्यावर रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हा प्रश्न त्यांच्यासाठी नोकरीच्या अटींइतकाच महत्त्वाचा.

कामाचा दिवस बहुतेक ठिकाणी दोन तुकड्यांत असतो. सकाळी भाज्या चिरणं, रस्से चढवणं, दुपारचं जेवण. मग दोन-तीन तासांची बिनपगारी सुट्टी. आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं ते शेवटचं टेबल उठेपर्यंत. खोली हॉटेलजवळ असेल तर त्या मधल्या वेळात पाठ टेकता येते. दूर असेल, तर तो वेळ स्टेशनवर नाही तर कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर जातो, आणि आठ-साडेआठ तासांच्या कामासाठी माणूस चौदा तास बाहेर राहतो. मोरीवरच्या माणसाला हे जास्त जाणवतं: तळलेल्या कांद्याचा वास भरलेल्या वाफेत, ओल्या फरशीवर तो दिवसभर उभा असतो.

मोरीवर आणि खोल्या आवरायच्या कामात भाषेची अट सैल असते. वाढप्याला जर्मन आणि इंग्रजी लागतं, फ्रेंच असेल तर उत्तमच. आचाऱ्याकडे मात्र भाषेपेक्षा आधी हात बघतात.

मराठी तरुणाला हे काम मिळू शकतं का? भारतीय पासपोर्टवर, सरळ उत्तर द्यायचं तर, मोरीवरचं किंवा वाढप्याचं काम जवळजवळ नाहीच. युरोपीय संघाबाहेरच्या देशांसाठी स्वित्झर्लंड वर्षाला साधारण ८,५०० परवाने ठेवतं, आणि तेही प्रशिक्षित, तज्ज्ञ माणसांसाठी. स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही, हे मालकाला दाखवून द्यावं लागतं. दोन वाटा मात्र खऱ्या आहेत. एक, भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटमधल्या आचाऱ्याची. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण आणि अनेक वर्षांचा अनुभव कागदोपत्री हवा. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख या स्विस पर्यटनस्थळी ‘बॉलिवूड’ नावाचं रेस्टॉरंट आहे, यावरून भारतीय पाहुण्यांचं तिथलं महत्त्व कळतं. दुसरी वाट स्विस हॉटेल-व्यवस्थापन शाळांची. १८९३ साली सुरू झालेली लोझानची शाळा त्यांतली सगळ्यात जुनी. या शिक्षणात पगारी उमेदवारीचे महिने धरलेले असतात. पण शिक्षणाचं शुल्क इतकं मोठं आहे, की उमेदवारीच्या पगारातून ते भागेल असं समजू नये.

गोव्याची गोष्ट वेगळी. पोर्तुगीज राजवट संपण्याआधी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. असे हजारो गोंयकार पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेले. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातली त्यांची वस्ती प्रसिद्ध आहे. हा पासपोर्ट ज्याच्याकडे असेल, त्याला झेरमॅटमधल्या पोर्तुगीज कामगाराला असलेले सगळे हक्क मिळतात. बदल्यात भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, आणि एका हंगामाच्या पगारासाठी हा निर्णय घाईत घेण्यासारखा नाही.

यांपैकी कोणतीच वाट हातात नसताना ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथे काम लावून देतो’ म्हणणारा दलाल भेटला, तर तिथेच थांबावं. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. असा माणूस पगार बुडाला तरी तक्रार करायला घाबरतो, आणि हेच मालकाच्या पथ्यावर पडतं. आपल्याकडच्या नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं.

कायदेशीर वाट मोकळी असलेल्यानेही सही करण्याआधी मालकाला लेखी विचारून घ्यावं: खोली मिळणार का, ती एकट्याची की वाटून घ्यायची, तिचे किती कापणार, सुट्टीच्या दिवशीचं जेवण धरलं आहे का, हंगामाची शेवटची तारीख कोणती आणि बर्फ कमी पडून हॉटेल लवकर बंद झालं तर पगाराचं काय. हिवाळ्याच्या नोकरीसाठी हे पत्र सप्टेंबरपर्यंत गेलेलं बरं आणि उन्हाळ्याच्या नोकरीसाठी मार्चपर्यंत, कारण उशिरा येणाऱ्याला नोकरी मिळाली तरी कर्मचाऱ्यांच्या इमारतीतली खोली मिळेलच असं नाही.