टाक्याच्या वरच्या अंगाला

सोयगाव तालुक्यातला सुतोंडा किल्ला ओळखला जातो तो त्याच्या टाक्यांसाठी. कातळात खोदलेली ही टाकी पावसाचं पाणी धरून ठेवतात. टाकं खोदणाऱ्यानं उताराचं पाणी कुठून येतं हे आधी हेरलेलं असतं. वरच्या अंगाला पडलेला थेंब न् थेंब खाली यावा, यातच त्याचं कसब. म्हणून त्या वरच्या अंगाला माणूस काय टाकून जातो, हा प्रश्न इथं सगळ्यात आधी पडायला हवा होता. छत्रपती संभाजीनगरातून सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांत भटकायला जाणाऱ्यांना तो फार उशिरा पडला. गेल्या पंचवीस वर्षांत प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पोत्यात भरून खाली आणण्याची सवय बऱ्याच जणांना लागली. सकाळी झुडपाआड जे राहतं, त्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

त्यावर एक उत्तर ठरलेलं असतं: पाण्यापासून साठेक मीटर दूर जावं, वीतभर खोल खड्डा करावा, वर माती लोटावी. जगभरच्या भटक्यांना हेच शिकवलं जातं आणि दाट जंगलाच्या काळ्याशार मातीत ते चालतंही. आपल्या गडमाथ्यांवर चालत नाही. तिथं दोन बोटं मुरूम आणि खाली बेसॉल्टचा अखंड कातळ. माथा इतका अरुंद, की साठ मीटर चाललं तर कडा येतो नाहीतर दुसरं टाकं. शिवाय मराठवाड्यातला पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. दिवाळीनंतर माती वाळते आणि ओल नसली की कुजणंही मंदावतं. हिवाळ्यात दगडाखाली दडवलेलं मग पहिल्या जोरदार सरीनं टाक्यात उतरतं आणि त्याबरोबर गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइडचे जंतू उतरू शकतात. शहरातून आलेला माणूस एव्हाना घरी पोचलेला असतो. ते पाणी गुराखी पितो, त्याची जनावरं पितात.

आपल्या घाणीचा त्रास पुढच्याला होऊ नये, ही समज या डोंगरांना नवी नाही. अजिंठ्याची पहिली लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथं भिक्खूंचे संघ पावसाळाभर एकत्र राहत. अशा एकत्र राहण्यासाठी पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शौचकुटीचे नियम घालून दिलेले आहेत. बाहेर उभ्या असलेल्यानं खाकरावं, आत बसलेल्यानंही खाकरून उत्तर द्यावं. जागा घाण दिसली तर झाडून-धुऊन घ्यावी. पाण्याचं भांडं रिकामं असेल तर पुढच्यासाठी भरून ठेवावं. घाण कुणी केली, हे तिथं विचारलेलं नाही. ज्याला दिसली त्यानं साफ करावी, इतकंच सांगितलेलं आहे.

महाराष्ट्रात या विषयावर मोकळेपणानं बोललं जाऊ लागलं ते २०००-०१ मध्ये, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा. ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी ते गावोगाव नेलं. संभाजीनगरजवळचं पाटोदा याच काळात नावारूपाला आलं. भास्करराव पेरे पाटलांच्या त्या गावात कर भरणाऱ्याला दळण फुकट मिळू लागलं आणि स्वच्छता हा गावाच्या अभिमानाचा विषय झाला. पण अभियानाची दुसरी बाजूही होती. पहाटे गावाबाहेर दबा धरणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा, नाहीतर गाडीत बसवून पोलीस ठाण्यात न्यायचं. ज्याच्या घरी पाणी नाही, संडास बांधायला जागा नाही, त्यालाही यातून सूट नव्हती.

त्याच वर्षांत त्याच डोंगरांवर शहरातले गट मुक्कामाला जात होते. त्यांच्यासाठी कुठलं पथक नव्हतं. पायथ्याच्या माणसानं उघड्यावर बसणं हा गुन्हा ठरला आणि माथ्यावर पाहुण्यानं बसणं हा सहलीचा भाग. या पंचवीस वर्षांतला हा भेद सगळ्यात जास्त टोचतो, कारण माथ्यावरच्या माणसापाशी पैसा, पाठपिशवी आणि माहिती तिन्ही होती.

मग आलं २०१८.

फेब्रुवारीत नारेगाव आणि आसपासच्या गावकऱ्यांनी तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेच्या कचरागाड्या अडवल्या. तीन दशकांहून अधिक काळ सगळं शहर आपला कचरा त्यांच्या दारात ओतत होतं. डोंगर साचला होता, विहिरी नासल्या होत्या. रोजचा चारशे टनांच्या आसपासचा कचरा शहरातच तुंबला, रस्त्याकडेला ढीग पेटवले जाऊ लागले. पर्यायी जागा शोधत गाड्या मिटमिट्याला गेल्या आणि ७ मार्चला तिथं दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. आपण टाकलेलं कुणाच्या तरी दारात पडतं, हे शहराला इतक्या उघडपणे पहिल्यांदाच दिसलं. त्याच मार्चच्या २३ तारखेला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. १८ एप्रिलला ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. आणि २१ मे रोजी याच शहरातल्या मनीषा वाघमारे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या; आदल्या वर्षी अवघ्या १७० मीटरवरून त्यांना परतावं लागलं होतं. त्यांच्याआधी, १९ मे २०१६ ला, औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख तिथं पोचले होते. मिरवणुका निघाल्या, सत्कार झाले. मराठवाड्यातल्या पोरापोरींना मोठ्या पहाडाची वाट दिसली.

पण त्या पहाडावरही हाच प्रश्न साचलेला होता. एव्हरेस्टच्या तळछावणीत प्रत्येक मोसमात पिंप भरतात आणि हमाल ती पाठीवर घालून खालच्या गोरक शेपपर्यंत नेतात. तळछावणीच्या वर तर पिंपंही नसतात. सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीच्या अंदाजानं पहिल्या ते चौथ्या छावणीच्या दरम्यान तीनेक टन विष्ठा पडून होती, त्यातली निम्मी एकट्या साउथ कोल या खिंडीत. त्या थंडीत काहीच कुजत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुंबू पासांग ल्हामू ग्रामपालिकेनं नियम केला: प्रत्येक गिर्यारोहकानं तळछावणीत पिशव्या विकत घ्यायच्या, आपली विष्ठा त्यांत भरून खाली आणायची, उतरल्यावर त्या तपासल्या जातील. अलास्कातल्या देनाली शिखरावर १४,२०० फुटांच्या छावणीखालची सगळी विष्ठा परत आणणं त्याआधीच, २०१८ पासून सक्तीचं झालं होतं. तिथं पूर्वी ती हिमनदीच्या भेगांत टाकत. बर्फ सरकतो आणि टाकलेलं पुढं कधीतरी बाहेर येतं, हे अभ्यासातून कळल्यावर ती पद्धत बंद झाली.

ही पिशवी म्हणजे काही मोठं यंत्र नाही. आतल्या पिशवीत मूठभर पावडर असते. ती बहुतकरून बाळाच्या डायपरमध्ये असते त्याच जातीची, पाणी शोषून फुगणारी. तिच्यात वास दाबणारे घटक मिसळलेले असतात. ओलं आलं की पावडर फुगते, घट्ट होते, सांडत नाही. वरून दुसरी जाड, झिपवाली पिशवी. एक पिशवी एव्हरेस्टवर पाच-सहा वेळा वापरता येते. आपल्याकडं गड एका रात्रीचा असतो. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी, थोडी राख किंवा लाकडाचा भुसा आणि जुनी वर्तमानपत्रं एवढ्यानंही काम भागतं. किळस पहिल्या सकाळी येते. ती स्वाभाविक आहे आणि ती ओलांडता येते. घरी बाळाची दुपटी बदललेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडं तर अजून कुणाचं लक्षच नाही. गोगाबाबा टेकडीवर, म्हैसमाळच्या पठारावर रविवारी पाळीव कुत्री घेऊन येणारे दिसतात. शेण खत होतं, मग कुत्र्याचं का नको, असं विचारलं जातं. गवत खाणाऱ्या जनावराचं शेण आणि मांसही खाणाऱ्या, कारखान्यातलं खाद्य पचवणाऱ्या कुत्र्याची विष्ठा यांत फार अंतर आहे. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरू शकतात आणि अनवाणी खेळून हात न धुणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणूही मातीत कित्येक महिने टिकतो. २०१८ च्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये २३ सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांना होणारा रोग. गौताळा-औट्रम घाट हे १९८६ पासूनचं अभयारण्य कन्नड-चाळीसगावच्या डोंगरांत पसरलेलं आहे, तिथं बिबटे आहेत. अशा रानाच्या सीमेवर कुत्रा नेऊच नये. गावच्या टेकडीवर नेला तर त्याच्यामागं पिशवी घेऊन चालावं. मुंबई महापालिकेनं २००६ च्या उपविधींतच पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवला होता.

राहतो तो शेवटचा टप्पा. खाली आणलेलं टाकायचं कुठं? २०१८ नंतर शहरात चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं कचरा प्रक्रियेची कामं उभी राहिली, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करणारा ३० टनांचा प्रकल्प आला. पण गडावरून आणलेली पिशवी ओल्या कचऱ्यात जाऊ शकत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतच डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून द्यायला सांगितले होते. पावडरची पिशवी त्यांच्याच पंगतीतली. ती तशीच घंटागाडीत भिरकावली तर वर्गीकरणाच्या पट्ट्यावर ती कुणाच्या तरी उघड्या हाताला लागेल. मैला हातानं उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि सहलीहून आणलेली पिशवी बेपर्वाईनं टाकणारा माणूस तेच काम मागच्या दारानं दुसऱ्याकडून करून घेतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं अशा पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. संभाजीनगरात आज कुणालाही तो ठिपका काढता येईल.

त्याहून बरी ती बरणी. भुसा-राखेचा थर बेताचा ठेवून आणि कागद वेगळा काढून ती पायथ्याच्या गावातल्या सार्वजनिक संडासात, नाहीतर आपल्याच घरी रिकामी करता येते. मग गरम पाणी, फिनेल, ऊन. गटानं जाताना बरणी ज्याची त्यानं आपल्या पाठपिशवीत ठेवायची. वाटाड्याच्या किंवा सामान वाहणाऱ्या पोराच्या हाती ती द्यायची नाही, जास्तीचे पैसे देऊनही नाही.