चाळीस दिवसांची दोन व्रते

बायबलवरचे हॉलिवूडचे भव्य चित्रपट म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो दुभंगलेला समुद्र. सेसिल बी. डिमिल यांचा ‘द टेन कमांडमेंट्स’ १९५६ साली आला. कथा सुरू होते राजवाड्यात. गुलामांच्या पोटी जन्मून फेरोच्या घरात वाढलेला मोझेस (चार्ल्टन हेस्टन) आणि सिंहासनापायी त्याच्यावर डूख धरणारा रामसेस (युल ब्रायनर) यांचे हे वैर. समुद्राच्या दृश्याची करामत तशी साधी होती. प्रचंड हौदात पाणी ओतायचे, ते चित्रित करायचे आणि फिल्म उलटी फिरवायची! हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो, तो घरदार सोडून निघालेल्या त्या माणसांमुळे.

उल्हासनगरला ही गोष्ट परकी नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कितीतरी कुटुंबे कराचीहून बोटीने मुंबईला उतरली. त्यांच्यासाठी समुद्र काही दुभंगला नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकी त्यांच्या वाट्याला आल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची कोनशिला बसली. पण ‘कॅम्प’ हा शब्द काही सुटला नाही. बँकेच्या नोकरीत पत्त्याच्या रकान्यात तो मी कितीदा लिहिला असेल, त्याला गणती नाही.

या मंडळींनी सोबत आणलेली एक कथाही मोझेसच्या कथेची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. ठठ्ठ्याचा राजा मिरखशाह याने धर्म बदलण्याचे फर्मान काढले. प्रजेने सिंधूकाठी चाळीस दिवस उपासतापास करून वरुणदेवाला साकडे घातले आणि झूलेलाल अवतरले. मोझेसही सिनाई पर्वतावर चाळीस दिवसच होता. श्रावणाच्या सुमाराला उल्हासनगरात पाळला जाणारा ‘चालिहो’ हे त्याच सिंधूकाठच्या व्रताचे स्मरण.

मात्र शेवट वेगळा आहे. चित्रपटात फेरोचे सैन्य पाण्यात बुडते. सिंधी कथेत झूलेलालांचा प्रभाव पाहून राजा नमतो आणि वाचतो. सिंधमधल्या उदेरोलालच्या स्थानी हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात. घर गमावून आलेल्या माणसांनी शत्रूला वाचवणारी कथा जपली, हे अंबरनाथ-बदलापूरची लोकल पकडणाऱ्या आपण शेजाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.