एक पेशी, अनेक वाटा

तंजावरजवळच्या तिरुवैयारुला गेलात, तर त्यागराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन कावेरीच्या काठी थोडे थांबा. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’. वरच्या अंगाला कल्लणै हा प्राचीन बंधारा आहे. तिथले कोणते दार किती उघडले, यावर कोणत्या फाट्याला किती पाणी मिळणार हे ठरते.

तुमच्या हाडांच्या मगजातही असेच काहीसे चालते. तिथल्या मूळपेशींपासून रक्ताच्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणून हे काम कधीच थांबत नाही.

इथली दारे म्हणजे वाढघटक नावाची प्रथिने. मूत्रपिंडात बनणारे एरिथ्रोपोएटिन तांबड्या पेशी वाढवते, थ्रॉम्बोपोएटिन प्लेटलेट, तर जी-सीएसएफ जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी.

प्रयोगशाळेत मूळपेशी ३७ अंश उबेत, पोषक द्रवात ठेवतात. पण नुसत्या अन्नावर त्या तगत नाहीत. आधी त्यांना जगवणारा स्टेम सेल फॅक्टर द्यावा लागतो आणि मग हव्या त्या वाटेचा घटक.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या नाळेतल्या रक्तातील मूळपेशी घेतल्या. वाढघटकांच्या जोडीला डीएचए आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल ही स्निग्धाम्ले दिली. तेव्हा प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी आणि प्लेटलेटही जास्त मिळाल्या. २०२२ मध्ये ब्रिटनने प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी प्रथमच दुसऱ्या माणसाला दिल्याचे जाहीर केले. प्रमाण मात्र एक-दोन चमचेच!

याचा तुमच्या घराशी काय संबंध? डायलिसिसच्या अनेक रुग्णांना रक्त वाढवायला जे इंजेक्शन देतात, ते एरिथ्रोपोएटिनचेच असते. भावाला किंवा बहिणीला मूळपेशी द्यायची वेळ आली, तर घाबरू नका. बहुतेक वेळा दात्याला काही दिवस जी-सीएसएफची इंजेक्शने देतात. त्यामुळे मूळपेशी मगजातून रक्तात उतरतात आणि शिरेतून घेतलेल्या रक्तातून यंत्राने वेगळ्या काढता येतात. पाठीच्या कण्यात सुई खुपसत नाहीत.

पिशवीभर रक्त बनवणे प्रयोगशाळेला अजून परवडत नाही. तोवर डेंग्यूच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला प्लेटलेट लागल्या, तर त्या तुमच्या-आमच्या दंडातूनच यायच्या आहेत. जवळच्या रक्तपेढीत शेवटचे कधी गेला होता, आठवून पाहा.